पाणी कुठून येते

डावा बूट ओला आहे.
उजवा नाही.
चार वर्षं झाली, खात्याची ही जीप
नेमकी माझ्याच डाव्या पायावर का गळते
हे आलापल्लीपासून लाहेरीपर्यंत
एकालाही सांगता आलेलं नाही.

समय्या म्हणाला, काच.
काचेचं रबर बदललं.
नत्थू मिस्त्री म्हणाला, काच कशाची जी,
बिजागरी पाहा, बिजागरी.
बिजागरीत एम-सील कोंबलं,
नत्थूच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे त्यावर.
मग छताच्या शिवणींना मेण,
मेणावर डांबर,
डांबरावर सायकलच्या ट्यूबची पट्टी.
एका वनपालानं छातीठोक सांगितलं म्हणून
चुन्यात गूळ कालवून लेप दिला,
त्याला मुंग्या लागल्या.
रात्री पाऊस आला,
सकाळी मुंग्या माझ्या बुटात.

एकदा डॅशबोर्डखाली गव्हाचं पीठ भुरभुरलं,
जिथून ओघळेल तिथं रेघ उमटेल म्हणून.
समय्या टपावर बादली घेऊन,
मी आत उलटी,
पाय सीटवर, डोकं क्लचपाशी, तोंडात टॉर्च.
ओता, म्हटलं. अजून ओता.
सात बादल्या.
पीठ कोरडं ठणठणीत.
टॉर्च विझवून बाहेर आले
तर ओढणीतून पाणी निथळत होतं.
नत्थू बिडी पेटवत म्हणाला,
मॅडमजी, हे जीप नोहोय, चाळणी होय,
पण चाळणीची भोकं तरी दिसतात.

लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
गाडीत पाणी येते.
दोन महिन्यांनी गडचिरोलीहून उत्तर:
कुठून, ते नमूद करावे.

त्या दिवशी मी समय्यावर ओरडले.
त्याचा काही दोष नव्हता.
लसींची पेटी मांडीवर घेऊन
पाय वर धरून बसले होते तीस किलोमीटर,
जनावरांच्या नोंदीचं रजिस्टर फुगून
भाकरीएवढं झालं होतं,
शाई एका बैलावरून दुसऱ्या बैलावर गेली होती
आणि गाडीभर तो वास,
कुबट, ओल्या गोणपाटाचा,
घरी नवरा दारातच म्हणायचा, आलीस वाटतं.

समय्या काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी नत्थूकडून ड्रिल मशीन आणलं
आणि माझ्या पायाखालच्या पत्र्याला
सरळ भोक पाडलं.
येऊ द्या मॅडम, येते तर.
जायला तरी वाट पाहिजे ना.

काय सुंदर आठवडा होता तो!
पाणी यायचं, भोवऱ्यासारखं फिरायचं, जायचं.
मी मोजे घातले.
मग पुढच्या बुधवारी नाला लागला,
गुडघाभर, गढूळ,
आणि मधोमध पोचलो तेव्हा
त्याच भोकातून नाला आत आला,
बोटभर जाड धार, थेट माझ्या हनुवटीपर्यंत.
समय्या आधी घाबरला, मग हसला.
मीही हसले, बहुतेक.

आता सागाची एक खुंटी आहे,
सुतळीनं गिअरच्या दांड्याला बांधलेली.
नाल्याआधी ठोकायची, नाल्यानंतर काढायची.
समय्या ओरडतो, खुंटी!
मी टाचेनं हाणते.
कधी विसरते.
मैनी पुंगाटी परवा करडू घेऊन पुढं बसली होती,
खुंटी कशाची हे कळायच्या आत
करडानं सुतळी खाल्ली.

पण हे सगळं पावसाळ्याचं झालं.
आज एप्रिल.
चार महिने आभाळात ढग नाही,
नाल्यात नुसती वाळू, वाळूत चाकांच्या जुन्या खुणा.
टोल्याच्या वळणावर समय्यानं ब्रेक दाबला
आणि टप.
डाव्या बुटावर.
कोणत्या पोकळीत, कोणत्या पत्र्याच्या घडीत
साठवून ठेवलं होतं हिनं, कोण जाणे.
मग एक ओघळ, चांगला वाटीभर.

उतरले तर हापशीवर रांग.
दांडा खाली-वर होत होता, नुसती हवा येत होती.
बायका माझ्या बुटाकडे पाहत राहिल्या.
एक पोरगी रांग सोडून आली,
बुटाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं,
वर पाहिलं,
मग वाकून जीपखाली पाहिलं.

कुठून? तिनं विचारलं.