उजवा गाल

धुळे-दोंडाईचा-नंदुरबार, एकोणीस वर्षं.
सकाळी जाताना सूर्य पाठीशी, त्याचं काही नाही.
दुपारी परतताना तो माझ्या खिडकीतून आत येतो
आणि उजव्या गालाला खेटून बसतो
धुळ्यापर्यंत,
बिनतिकिटाचा.

म्हणून माझा चेहरा दोन रंगांचा.
डावा अजून लग्नाच्या फोटोत ओळखू येतो,
उजवा तव्यावर विसरलेली कळण्याची भाकर.
नाकावर तर भोकंच भोकं.
बायको म्हणाली, "तुमनं नाक नई शे, रवानी चाळनी शे."
मी हसलो.
हसताना गाल ताणला की भोकं लांबट होतात,
हे आरशात तेव्हाच पाहिलं.

यामिनी शिरपूरला फार्मसीला, दुसऱ्या वर्षाला.
दिवाळीत आली ती फराळाआधी
मला ट्यूबलाइटखाली घेऊन बसली, हनुवटी धरून,
शाळेत जाताना भांग पाडायला मी तिची धरायचो तशी.
"पप्पा, हळद-लिंबू घासू नका. काळं आणखी काळं होतं.
आणि ही छिद्रं म्हणजे एसटीचं दार नाही
ओढलं की बंद व्हायला.
ती राहणार. स्वच्छ ठेवली तर बारीक दिसतात, एवढंच."

वहीचं पान फाडून लिहून दिलं:
सकाळी साधा फेसवॉश, घासायचं नाही.
रात्री बाटलीतले चार थेंब
(नाव मला अजून येत नाही,
मी त्याला नाशिकमाईड म्हणतो).
सनस्क्रीन दोन बोटं भरून, ढग असले तरी.
दोंडाईच्याला चहाच्या आधी पुन्हा.
'पुन्हा'खाली दोन रेघा.

पहिल्या दिवशी डेपोत देवरे म्हणाला,
"काय हो, पोळ्याच्या बैलागत रंगून आले?"
सगळे हसले. मीही. कानाजवळ पांढरं राहिलं होतं.
सैंदाणेबाई, माझ्या कंडक्टर, काही बोलल्या नाहीत.
दोंडाईच्याला मिरचीचा ठसका गाडीत शिरला,
अख्खी गाडी शिंकत होती,
त्या गडबडीत त्यांनी हात पुढे केला.
"थोडं इकडं बी द्या, दादा.
दुसऱ्या बाळंतपणापासून वांग आलंय.
सासू म्हणते, पाप तोंडावर येतं."
मी ट्यूब दाबली, दोन बोटं मोजून.
पाप-बिप काही नसतं बाई, म्हणालो,
ऊन असतं, अन् आत काहीतरी बदलतं अंगात.
माझ्या तोंडून यामिनीच बोलत होती,
मी फक्त स्टेअरिंगवर.

तीन महिने झाले.
काळं गेलं नाही. कडेकडेनं विटलंय जरा,
गॅरेजमागं पडलेल्या ताडपत्रीसारखं.
भोकं जिथल्या तिथं.
पण रात्री ते चार थेंब लावताना
मी माझ्याच तोंडावरून हात फिरवतो,
सावकाश, घाट उतरतो तसा,
आणि असं मी आधी कधी केल्याचं आठवत नाही.

काल स्टँडवर गाडी भरत होती,
तेव्हा आतला आरसा पहिल्यांदा स्वतःकडे वळवला.
एवढी वर्षं त्यात दुसऱ्यांचीच तोंडं बघितली.
माझ्या खांद्यामागं तेच सगळे:
खिडकीसाठी भांडणारे चिमठाण्याचे गुरुजी,
उजवा गाल माझ्यासारखाच;
दुपारपाळीची नर्स, जातानाच भेटते, तिचा डावा;
डोळ्यांपुरता उघडा ठेवून स्कार्फ बांधलेल्या
कॉलेजच्या दोन पोरी,
ज्यांना हे सगळं माझ्या आधी कळलं.

घंटी दोनदा वाजली.
आरसा परत त्यांच्याकडे केला.
कपाळावरचं पसरायचं राहूनच गेलं.
पहिला गिअर.