काजळी पुसताना

हंगाम सुरू झाला की
कारखान्याच्या धुराड्यातली काजळी
बावड्यात सगळ्यांच्याच वाळवणावर पडते,
आमच्या पॅनेलवर जरा जास्तच.
सकाळी सातला मी गच्चीत, बादली आणि जुनं धोतर घेऊन.
पुसलं की अर्धं युनिट वाढतं, हा माझा हिशेब.
ही म्हणते, अंगणात कधी झाडू धरला नाहीत.

बारा वाजता मोटर, पंखे पोटभर खातात,
उरलेलं बॅटरीत,
त्यातूनही उरलं तर तारेवरून गल्लीत.
शमशादभाभीच्या इस्त्रीत माझं ऊन असेलही,
त्यावर नाव थोडंच असतं.
रात्री बॅटरी रिती झाली की बोर्डाकडून परत घेतो.
उसनवारीच ही, वाटीभर साखरेसारखी,
फक्त मीटर विसरत नाही.

पहिल्या वर्षी बॅटरी नव्हती.
भर दुपारी लाईट गेली,
डोक्यावर रखरखीत ऊन
आणि इन्व्हर्टर मुका.
तणतणत खांबाखाली गेलो.
वर तातोबा वायरमन, हातात उघडी तार.
"काका, तुमचं चालू राहिलं असतं
तर माझ्याकडंच आलं असतं की."
एवढंच बोलला. परत पकड आवळायला लागला.

आता बॅटरी आहे.
लाईट गेली की भिंतीवरच्या डब्यात टक् वाजतं,
घर गल्लीपासून सुटतं,
आपल्यापुरता उजेड करतं.
हिची मालिका चुकत नाही.
मी मात्र ते टक् ऐकलं की
चपला शोधतो,
कोण चढलंय वर
बघून येतो.