भुकेली हाडं

मे महिन्यात कूलरची ताटी बदलताना
कुंदाचा दंड मोडला.
पडली नव्हती. वाळ्याची ओली ताटी
उचलली होती, एवढंच.
कट्कन आवाज आला, मला वाटलं काडी असेल.

त्याआधी जबड्यावर गाठ आली होती,
सक्करदऱ्याच्या दातवाल्यानं दाढ काढून दिली.
त्याआधी दोनदा मुतखडे. लोक म्हणाले, इकडचं पाणीच तसं.
त्याआधी ती विसरायला लागली होती
गॅसवरचं दूध, माझ्या बहिणीचं नाव,
आणि मी रागावलो होतो.

सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत एकतीस वर्षं
मी खाणींचे नकाशे काढले.
कुठे पोकळी, कुठे आधाराला खांब सोडायचा,
छत कधी बसेल, कागदावर कळायचं मला.
धंतोलीत डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली
तेव्हा मी काहीच विचारलं नाही.
बोटांची पेरं उंदरानं कुरतडल्यासारखी,
मांडीच्या हाडात कोरलेली दालनं,
आणि सगळा माल
रक्तातून वाहून चाललेला.

गळ्यात तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात म्हणे.
त्यातली एक बोराएवढी झालेली, दगडासारखी,
शेजारच्या मांसाला घट्ट चिकटून.
"फार क्वचित दिसतो हा कॅन्सर,"
डॉक्टर म्हणाले, जवळजवळ कौतुकानं.
अख्ख्या जन्मात कुंदाला
साधी भिशी पहिल्या महिन्यात लागली नव्हती.

गाठ काढली, त्याच्या दुसऱ्या रात्री
तिच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं आखडली.
नर्स धावली. सलाईनमधून कॅल्शियम, मग आणखी.
आता हाडं रक्तातून सगळं परत ओढत होती.
भुकेली हाडं, असंच म्हणतात याला,
डॉक्टरांच्या भाषेतसुद्धा.

उपसलेल्या खाणीत आम्ही पाण्याबरोबर
वाळू सोडायचो, पोकळी भरायला.
महिने लागायचे.
मी थेंब मोजत बसलो.
पहाटे ती म्हणाली, "काहून जागून राहिले?
पानठेल्यावरून डबीभर चुना आणा ना,
स्वस्तात होईल."
हसताना जबडा हातानं धरला होता तिनं.

आता दर तीन महिन्यांनी रक्त.
आकडा खाली असला की परतताना
संत्र्याच्या रसाचा एक ग्लास, दोघांत.
मागच्या वेळी थोडा वर होता.
तरी घेतला.

यंदा ताटी मी बदलली.
उलटी बसवली म्हणते,
खुर्चीतूनच, तोच हात उंच करून दाखवत.