गवताची साक्ष

रविवारी मी सामना बघत नाही.
स्टँडखालच्या खोलीत बॉयलरशेजारी बसतो, रेडिओ बंद.
छतावर पाय आपटल्याचे आवाज येतात, त्यावरून
काय झालं ते कळतं, म्हणजे साधारण.
खरं काय ते सोमवारी. गुडघ्यांवर बसून.

विआनाचा वारा दव पुसून नेण्याआधी
मी खुरपं घेऊन उतरतो
आणि उखडलेली ढेपळं एकेक करून जागी बसवतो.
सव्वीस वर्षं झाली.
पुढे धावणाऱ्याचा चवडा माती मागे फेकतो,
मागे सरकणाऱ्याची टाच रुतते.
एवढंच व्याकरण.

काल आपण बाविसाव्या मिनिटाला गोल केला.
इदालिनानं सांगितलं. तिच्या पडद्यावर
अकरा ठिपके असतात, आणि त्यांच्या मधोमध एक बारावा,
जो कुणीच नाही.
संघ सरासरी कुठे उभा होता, तो हा, म्हणाली.
गोलच्या आधी मध्यरेषेपुढे दोन पावलं.
गोलनंतर, सिन्योर झेफेरिनु, चौदा मीटर मागे.

चौदा? चल, दाखवतो.

तिचे पांढरे बूट दवात भिजले.
हे बघ, मध्यंतरापर्यंत नदीकडचा गोल आपला,
मग दफनभूमीकडचा.
दोन्ही चौकटींसमोर जमीन अशी, की रात्री रानडुकरं येऊन गेली.
पाहुणा म्हणेल, दोन्ही संघ झुंजले.
तसं नाही पोरी.
दोन्हीकडे आपणच होतो.

प्रशिक्षक आर्लिंडुचा आवाज आज सकाळपर्यंत बसलेला.
वर चला, वर चला, तासभर एवढंच ओरडत होता.
मागे या असं कुणीच म्हणालं नव्हतं.
फलकावर एक आणि शून्य, बस.
हातचं सोडून पळत्यामागे लागू नये,
हे कुणी न सांगता अकरा जणांच्या पोटऱ्यांना कळतं.

एकसष्टाव्या मिनिटाला लाल कार्ड. उरले दहा.
आपला नेलिउ, मिंदेलुचा पोरगा, डाव्या कडेचा वारा,
त्याचे ठसे मला डोळे मिटून सापडतात:
कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, बोटांवर नाचल्यासारखे.
काल उत्तरार्धात तिथे शनिवारी मी कापलेला पट्टा
जसाच्या तसा होता.
नेलिउ आपल्याच चौकटीच्या कडेला सापडला. टाचा, टाचा, टाचा.

परगावी तर आपण पहिल्या मिनिटापासून खालीच असतो, ती म्हणाली.
असू. तिथलं गवत मी कशाला बघू.

मला ते अंगावरच्या कपड्यासारखं ओळखीचं आहे.
रोजंदारीवर होतो तेव्हा अध्यक्षाच्या तोंडावर म्हणायचो,
या पाण्यात मीठ आहे, मैदान मरेल.
कायमचा कागद हातात आला त्या महिन्यापासून
पाण्यातलं मीठ मला लागेनासं झालं.
हे मी इदालिनाला सांगितलं नाही.
तिचा करार जूनपर्यंत आहे. ती अजून पुढे उभी राहते.

मग म्हणालो, आणि इथे बघ. नदीकडचा कोपरा.
खाली पूर्वार्धातल्या टाचा, जुन्या, कडा सुकलेल्या.
आणि त्यांच्यावर, त्यांना चिरत,
चवड्यांचे ताजे ठसे. नदीच्या दिशेनं.
तिनं फोनवर मिनिटं शोधली.
चौऱ्याऐंशीला त्यांनी बरोबरी केली, म्हणाली,
त्यानंतर बारावा ठिपका एकवीस मीटर वर.
दहा माणसं होती हो. दमलेली.

जपायचं ते गेलं होतं, मी म्हणालो,
मग पाय मोकळे झाले.
तिनं ते लिहून घेतलं नाही. बरं केलं.
वाकून एक ढेपळं बसवलं, उलटं.
मी सरळ केलं.

एक-एक. गुण एक.
नेलिउच्या टाचांच्या खड्ड्यांत वाळू भरली,
वर बी टाकलं, पायानं दाबलं.
उगवायला नऊ दिवस लागतात.
पुढचा सामना सहाव्या दिवशी.