खारपाण

तालुक्याच्या नावातच दर्या आहे,
आणि दर्यापूरच्या पुढे कुठल्याही विहिरीत टेप सोडला
की वाटतं, नाव ठेवणाऱ्यानं पाणी चाखून ठेवलं असावं.

मी वर्षातून चारदा येतो.
टाकळीची निरीक्षण विहीर टापऱ्यांच्या शेतात,
काठ पांढरा पडलेला, खरवडून जिभेवर ठेवला तर मीठ.
कुणी म्हणतं, पूर्वी इथवर समुद्र होता.
कुणी म्हणतं, छे, पाण्याला जायला वाट सापडली नाही, बस.
मी सर्व्हेत टेप धरणारा माणूस.
टोकाला हातभर खडू फासायचा, सोडायचा,
ओल जिथं थांबली तिथं बोट ठेवायचं.
बारा मीटर चाळीस.
मग बादलीत यंत्र बुडवून
आकडा थांबेस्तोवर बाभळीखाली उभं राहायचं.

कौतिकाबाई चहा आणते.
विहिरीच्या पाण्यात दूध फाटतं,
तूर तीन तास उड्या मारून टणकच राहते,
आणि नळ पंधरा दिवसांनी येतो.
हा चहा माहेरच्या पाण्याचा.
मोर्शीकडचा भाऊ अकोल्याला संत्री नेतो,
टेम्पोतून दोन कॅन उतरवतो.
कॅनचं झाकण ती सुनेलासुद्धा उघडू देत नाही.

यंदा तिनं विचारलं,
"साहेब, आमच्या माहेरचा नाला कुठी जाते?"
वर्धेत.
"न् वर्धा?"
वैनगंगेला मिळते, मग प्राणहिता, मग गोदावरी,
मग पूर्वेचा समुद्र.
"न् हे पूर्णा?"
तापीत. तापी सुरतेच्या पुढे, पश्चिमेच्या समुद्रात.

तिनं रिकामा कप ताटलीत उपडा केला.
"म्हंजे माह्या माहेरचं पानी
सासरच्या पान्याले भेटतच नाही?"

बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
विचारतात, किती खाली गेलं,
गोडं कुठं लागेल, बोअर मारू का.
मी काडीनं मातीत देश काढला,
मला जमतो तसा, गाजरासारखा.
एक रेघ डावीकडे, एक उजवीकडे, मधे उंचवटा.
तुमच्या वरातीचा ट्रक जिथं तापला असेल
तोच चढ, म्हटलं.
त्याच्या अलीकडचं पाणी इकडं, पलीकडचं तिकडं.
"तिथी तं मले ओकारी झाली होती," ती म्हणाली,
आणि हसली नाही.

बराच वेळ गाजराकडे बघून
तिनं अंगठा खालच्या टोकावर ठेवला.
"न् इथी काय हाय?"
इथं काही नाही. इथं जमीन संपते.
"पानी तं नाही संपत."

नाही.
आपण सातबाऱ्यावर गट पाडतो
तसे समुद्राचेही पाडले आहेत,
हा अरबी, तो बंगालचा, खालचा हिंदी,
पण त्यात कुणी धुरा घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

"मंग तिथी भेटत अशीन,"
अकोल्याच्या स्टँडवर मामेबहीण भेटावी
इतक्या सहज ती म्हणाली
आणि कप विसळायला वळली.

गडव्यात तळाला गोडं पाणी उरलं होतं.
ते तिनं लिंबाला घातलं नाही,
गोऱ्ह्यापुढे धरलं नाही.
विहिरीत ओतलं.
आवाज वर यायला जरा वेळ लागला.

तेवढ्यात यंत्राचा आकडा थांबला,
चार हजार एकशे दहा.
गडवाभर पाण्यानं त्यात काय व्हायचं होतं?
आणि बादली तर मी आधीच काढलेली.
तरी वहीत लिहायच्या आधी
मी टेप पुसला, नवा खडू फासला,
आणि नियमात बसत नसताना
पुन्हा खाली सोडला.