नाकावरची माशी

नेरिडा नाकावर माशी बसू द्यायची नाही.
रॉकहॅम्प्टनच्या तलावाकाठी एकेचाळीस वर्षं
शिट्टी, स्टॉपवॉच आणि तो आवाज.
सहाव्या लेनमधलं पोर पाण्याखालीही दचकायचं.
पहाटे साडेपाचला जस्ताच्या मलमाचा डबा घेऊन उभी,
एकेकाचं नाक धरून पांढरं फासायची.
स्वतःचं राहिलं.

मला ते उशीमुळे कळलं.
अभ्र्यावर डाळिंबाच्या दाण्याएवढा ठिपका,
आठवड्यातून दोनदा.
उजव्या नाकपुडीच्या कडेला मोत्यासारखं काहीतरी,
चकचकीत, जवळजवळ देखणं.
"चष्मा घासतो," ती म्हणाली.
वर्षभर चष्माच घासत होता.

डॉक्टर हॅलोरन एकेक थर काढतात.
थर काढायचा, त्याचा नकाशा काढायचा,
मग सूक्ष्मदर्शकाखाली. तोवर आम्ही बाहेर.
बाहेर बाकांवर आठ माणसं,
प्रत्येकाच्या तोंडावर कुठेतरी पांढरा चौकोन.
रुळांची दुरुस्ती करणाऱ्या वॉरिकचा कान.
पियानो शिकवणाऱ्या डेल्विनबाईंचा भांग:
जन्मभर एकाच जागी पाडला, त्या सांगत होत्या,
उन्हाला पत्ता पाठ झाला.
आत बोलावलं की माणूस थोडा कमी होऊन येतो.
किती, ते कुणी विचारत नाही.
चीज टोस्ट, गार चहा, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं.

"कड अजून साफ नाही," पहिल्यांदा.
"उत्तरेकडे थोडं उरलंय," दुसऱ्यांदा.
माझ्या बायकोच्या नाकाला उत्तर दिशा आहे
हे सत्तेचाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं.
तिसऱ्यांदा ते नुसते हसले.

आरसा तिनं मागून घेतला. मी नको म्हटलं होतं.
नाकपुडी नव्हती.
तिथे आत ओलं, गुलाबी काहीतरी
श्वास घेत होतं.
"बरं," ती म्हणाली,
शर्यत हरलेल्या पोराला म्हणायची तसं.

दुसऱ्या दिवशी कपाळाचं नाक केलं.
कातडीची उभी पट्टी सोडवून,
भुवईपाशी न तोडता, देठासारखी पिळून खाली आणली,
रक्त चालू राहावं म्हणून.
आत आधाराला कानातल्या कूर्चेची चीप.
ज्या आठ्या घालून ती पोरांना भिंतीला उभं करायची
त्यातली एक आता नाकावर आहे.

तीन आठवडे तो देठ दोन डोळ्यांच्या मधून लोंबत होता.
चष्मा बसेना. वर्तमानपत्र मी वाचून दाखवायचो,
मृत्यूच्या बातम्या गाळून. तिला ते कळायचं.
नवव्या दिवशी ती तलावावर गेली.
पोरं गप्प. सात वर्षांच्या मार्लीनं विचारलंच,
"ही सोंड कायम राहणार?"
"एकवीस तारखेपर्यंत. चल, पाण्यात."

आणि माशी.
अंगणात आंब्याखाली बसलो होतो,
माशी तिच्या नव्या नाकाच्या शेंड्यावर उतरली
आणि नेरिडानं कपाळ झटकलं.
पुन्हा बसली. पुन्हा कपाळ.
आधी मी हसलो, मग ती, टाके ओढतात म्हणून हळू.
हॅलोरन म्हणाले, मज्जातंतूंना कुणी सांगितलेलं नसतं
की घर बदललंय.

देठ कापला त्या दिवसापासून नाक मुकं झालं.
मी त्यावर ओठ टेकवले. "टेकवलेस का?" तिनं विचारलं.
तलावाचं क्लोरीन यायचं, ते मात्र येत होतं.

कपाळावरची पट्टी केसांच्या रेषेपर्यंत गेली होती,
म्हणून नाकाच्या शेंड्यावर आता
डोक्यावरचे दोन-तीन केस उगवतात, पांढरे, चिवट.
दर रविवारी चहानंतर ती मान मागे टाकते,
मी चिमटा घेतो, खिडकीशी, चष्मा लावून.
काल एक उपटला तर ती कळवळली.
"लागलं."
"कुठे?"
तिनं बोट उचललं
आणि ते तसंच हवेत धरून
विचार करत राहिली.