स्वतःचे उदाहरण द्या

बारावी अ, मराठी, प्रश्न चौथा:
अलंकार ओळखा, लक्षण सांगा, स्वतःचे उदाहरण द्या.
एकोणचाळीस पेपरांत एकोणचाळीस वेळा
चंद्रासारखं मुख उगवलं
आणि मी लाल पेनने मावळवत गेलो.

चाळिसावा पेपर नसीम शिकलगारचा.
आडनावाला धार, अक्षराला नाही.
समासात पिवळं बोट उमटलेलं.
बाप मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो,
लेक तिथंच काट्याशेजारी बसून अभ्यास करते, असं ऐकून होतो.

श्लेष. पुढे लक्षण नाहीच, एकदम:
"पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
दादाजी सांगायचे, दोन बोटं दाबली
तर दोनशे की दोन हजार, ते तळव्यालाच कळायचं.
बाकीच्यांना दिसायचा रुमाल."

लक्षणाचा गुण कापायला पेन टेकवला
आणि बावीस वर्षं फळ्यावर लिहिलेला श्लेष
पहिल्यांदा माझ्या हाताला लागला.

चेतनगुणोक्ती:
"रिकामं पोतं भिंतीला टेकून दम खातं. अब्बा उभेच."

यमक:
"माझ्या नावाला जुळत नाही, सर.
आडनावाला खूप जुळतात. बाजार, बेजार, उधार."
इथं तिने अर्धी ओळ कोरी सोडली आहे.
मीही तिथं काही लिहिलं नाही.

अपन्हुती. लक्षण अचूक, माझ्याच नोट्समधलं:
उपमेय नाकारायचं, आणि ते उपमानच आहे म्हणायचं.
आदर्श उत्तरात हे डोळे नव्हेत, ही कमळे आहेत.
नसीमच्या उत्तरात:
"ही ओल नाही.
आमच्या भिंतीवर थांबलेली कृष्णा आहे."

कर्नाळ रोडची ती खोली. पाणी पंख्याला लागलं होतं.
माझं घर विश्रामबागेत; आम्ही गच्चीवरून
हेलिकॉप्टर मोजत होतो.
कॉलेज उघडल्यावर पहिल्याच तासाला
अतिशयोक्ती शिकवताना मी म्हणालो होतो,
"समजा, तिच्या डोळ्यांतून असा पूर आला
की गाव वाहून गेलं."
दरवर्षी या वाक्याला मागचे बाक हसतात.
त्या वर्षी कुणीतरी फक्त वही मिटली.
नवी वही, मदतीत आलेली,
कव्हरवर कुठल्याशा ट्रस्टचं नाव.

मी ते उदाहरण अजून बदललेलं नाही.
हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

लक्षण नसल्याचा एक गुण कापला.
नियम आहे, मॉडरेटर बघतो.
मग तो खोडून परत दिला, शेजारी सही केली,
सही जरा जास्तच मोठी आली.

एक्केचाळिसावा पेपर ओढला.
पहिल्याच ओळीत चंद्र.
पेन खाली ठेवलं, नाक खाजवलं,
आणि बोटाला
हळदीचा वास.